स्ट्रॉबेरीविरुद्ध तक्रार

कुणाच्या तोंडून विडीचा भपकारा आला तर काय करायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. नाक मुरडायचं, पदर किंवा रुमाल नाकाला लावायचा, खिडकी धाडकन उघडायची आणि कुणाकडेही न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "काय माणसं असतात एकेक!" एवढ्यावर काम भागतं. ओढणाराही मग चेहरा पाडून दाराकडे सरकतो, नाहीतर उलट भांडतो. दोन्ही बाजूंचे संवाद पाठ असतात, कारण या प्रयोगाच्या तालमी पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या आहेत.

आता लिफ्टमध्ये शिरल्यावर स्ट्रॉबेरीचा वास आला तर काय म्हणायचं?

वास चांगला असतो, हीच पंचाईत. महाबळेश्वरला जाऊन, गाडी लावायला जागा शोधून, रांगेत उभं राहून जी स्ट्रॉबेरी मिळते तिच्यापेक्षाही हा वास सरस असतो, कारण खऱ्या स्ट्रॉबेरीला मुळात एवढा वास नसतोच. लिफ्टमध्ये तुम्ही, एक पंचविशीतला मुलगा आणि दोघांच्या मधोमध तरंगणारा गोडसर दरवळ. मुलाच्या मुठीत हायलायटर पेनाएवढं काहीतरी रंगीत असतं. तो मोबाइलमध्ये मान घालून उभा. हे 'ते' आहे, हे तुम्हाला कळतं. आपल्याला राग यायला हवा, हेही कळतं. पण राग यायला दुर्गंध लागतो हो! "अहो, तुमच्यामुळे इथे फार छान वास सुटलाय, बंद करा बघू," असं वाक्य मराठीत आजवर कुणी उच्चारलेलं नाही. त्यामुळे तुम्ही चौथा मजला येईपर्यंत श्वास रोखून धरता, आणि दार उघडताना नेमका एक लांब श्वास घेता.

वेप ही वस्तू माणसाच्या छातीचं काय करते ते डॉक्टर सांगतील. भलं करत नाही एवढं नक्की. निकोटीनची सवय लागते ती लागतेच, मग ते धुरातून येवो की फळफळावळीतून. माझी तक्रार वेगळी आहे. या वस्तूने आपली चिडण्याची सोय काढून घेतली. तंबाखूभोवती कित्येक पिढ्यांनी मिळून जी रीतभात उभी केली होती ती एका फटक्यात निकामी झाली, आणि तिच्या जागी नवी काही आली नाही.

वस्तू म्हणून ती साधीच. एक बॅटरी, तारेचं एक वेटोळं, त्याला लागून कापूस आणि कापूस भिजत ठेवणारा द्रव. ओढलं की तार तापते आणि द्रवाचे बारीक बारीक कण होऊन तोंडात येतात. जळत काहीच नाही. म्हणून राख नाही, थोटूक नाही, काडी नाही. बीजिंगच्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने २००३च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. तो स्वतः सिगारेटच्या पुरता आहारी गेलेला, आणि त्याचे वडीलही फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. म्हणजे हेतू चांगला होता. त्याच्याही चाळीस वर्षं आधी, १९६३ साली, अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट नावाच्या गृहस्थांनी बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटसाठी पेटंटचा अर्ज केला होता. पण त्या काळात सिगारेट ओढण्यात काही गैर आहे असं फारसं कुणाला वाटतच नव्हतं. रोगाच्या आधी औषध घेऊन आलेल्या वैद्याला कोण विचारतो?

त्या द्रवात निकोटीन आणि चवीढवी असतात, पण मुख्य माल म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. ही मंडळी नाटकवाल्यांच्या ओळखीची आहेत. रंगमंचावर धूर सोडायच्या यंत्रातही याच जातीचे द्रव वापरतात. नायिकेला स्वप्न पडतं किंवा देव प्रकट होतात तेव्हा विंगेतून जे पांढरं पांढरं सरपटत येतं, ते आणि हे सख्खे चुलत. म्हणून बसस्टॉपवर एखाद्या पोराच्या तोंडून भलामोठा ढग निघाला की मी जरा सावरून उभा राहतो. आतून आता नारदमुनी बाहेर येणार, असं वाटतं. ढग विरतो. आतून तोच पोरगा बाहेर येतो, आणि त्याला कलिंगडाचा वास येत असतो.

आता जुन्या रीतभातीचं सांगतो. तंबाखू ही वस्तू वाईट, यात दुमत नाही. तिने घरंच्या घरं बसवली. पण तिच्यामुळे अनोळखी माणसं बोलायला लागायची, हेही तितकंच खरं. एसटी स्टँडच्या बाकावर दोन परके गृहस्थ बसलेले असत. गाडी लागायला अवकाश. एकाने कमरेची चंची सोडली की दुसरा नाव-गाव न विचारता म्हणे, "काढा जरा." एवढी ओळख पुरे. मग पहिल्याने डाव्या तळहातावर दोघांपुरती तंबाखू घ्यायची, चुनाळूतून नखाने चुना काढायचा, अंगठ्याने मळायची, वरून दोन थापा मारायच्या. त्या थापांनी उडालेल्या धुळीने तिसऱ्याच माणसाला शिंका येत, पण तो काही म्हणत नसे. तळहात फिरत फिरत आपल्याकडेही येईल या आशेवर असे. मळणाऱ्याने आधी स्वतः घ्यायची नाही. तळहात पुढे करायचा, समोरच्याने चिमटीत आपला वाटा उचलायचा आणि उरलेली आपण दाढेखाली सोडायची. त्यानंतर तोंडात रस भरलेला असल्यामुळे संभाषण फक्त हुंकारांत चाले, तरी तेवढ्यात पाऊसपाणी, सोयरीक आणि जमिनीचे भाव सगळं बोलून होई.

तपकीरवाल्यांचा कारभार याहून विद्वान. डबीवर टिचकी, चिमूट, एक नाकपुडी, दुसरी नाकपुडी, उपरण्याला हात. कुणी बोलत असताना दुसऱ्याला शिंक आली की "सत्य आहे" म्हणायची आपली पद्धत. त्यामुळे तपकीर ओढणाऱ्यासमोर केलेल्या निम्म्याअधिक विधानांवर खरेपणाचा शिक्का बसायचा. लग्नाच्या बोलण्यांत मुलाचा पगार सांगताना असा एखादा गृहस्थ मुद्दाम शेजारी बसवत असतील, असा मला दाट संशय आहे.

मिसरीची गोष्ट निराळी. ती खाणं नव्हतंच, ते दात घासणं होतं. दिवसातून चार वेळा घासले म्हणून काय झालं? दात स्वच्छ असलेले बरे. सासू ओसरीवर घाशी, सून परसात पाठ करून घाशी, आणि दोघींनाही एकमेकींचं ठाऊक असे.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे बापलेकांमधला शिष्टाचार. मुलगा चाळिशीचा झाला, त्याला दोन मुलं झाली, तरी वडिलांसमोर विडी ओढायची नाही. ओढत नाही असं नाही. समोर ओढायची नाही. गोठ्यामागे उभं राहून, पेटतं टोक मुठीत वळवून, अशी ती ओढली जाई. यात मुलाची अदब सगळ्यांना दिसते, वडिलांची कुणाला दिसत नाही. वडील गोठ्याकडे निघाले की वळणावर खाकरत. घसा साफ असला तरी खाकरत. मुलाला विडी विझवायला, धूर हाताने पांगवायला आणि म्हशीच्या पाठीवर उगाच हात फिरवायला तेवढा वेळ मिळे. मग वडील येऊन म्हणत, "वास कसला येतोय रे?" मुलगा म्हणे, "शेजाऱ्यांनी पाचोळा पेटवलाय वाटतं." दोघंही तिकडे बघत. दोन पुरुषांनी एकमेकांची लाज राखण्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत, असा प्रसंग आताशा मला कुठे बघायला मिळत नाही.

वेपवाल्या मुलाला हे काहीच करावं लागत नाही. काडी लागत नाही, म्हणून तो कुणाकडे "काडी आहे का?" म्हणून जात नाही. मित्रामित्रांत एखाद्या झुरक्याची देवघेव होत असेल, पण स्टँडवरच्या अनोळखी पाव्हण्यापुढे नळी धरून "घ्या, ब्लूबेरी आहे," असं म्हणताना मी अजून कुणाला पाहिलं नाही. वडिलांपासून लपवायचं तर मूठही वळवावी लागत नाही. टेबलावर चार्जरशेजारी राजरोस पडलेली असते. वडिलांना तो पेनड्राइव्ह वाटतो, आणि त्यात ऑफिसचं काहीतरी महत्त्वाचं असणार म्हणून ते उलट जपून ड्रॉवरमध्ये ठेवतात. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एका मुलाच्या हातात ती पाहिली आणि त्यांना तो दम्याचा पंप वाटला. एवढ्या कोवळ्या वयात दमा! त्या दिवसापासून त्याच्या दाराला अडुळशाचा काढा जाऊ लागला. मुलगा सभ्य. त्याने तो निमूटपणे प्यायला, आणि आजींना विचारलं तर त्यांच्या काढ्याने त्याच्या श्वासाला आता विड्याच्या पानासारखा छान वास यायला लागलाय. त्याने चव बदलली होती, एवढंच.

चारचौघांत बसून ओढायची आणि कुणाला कळू द्यायची नाही, हीही एक विद्या झाली आहे. तरबेज पोरं झुरका घेऊन वाफ छातीत इतका वेळ दाबून धरतात की बाहेर सोडताना काही दिसतच नाही. थिएटरात पडद्यावर धूम्रपानविरोधी जाहिरात चालू असताना पाचव्या रांगेत हे चाललेलं असतं. योगवर्गात ज्यांना पाच आकडे मोजेपर्यंत कुंभक जमला नाही, त्यांना तो इथे जमला.

आणखी एक मोठी हानी झाली, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सिगारेट संपायची. हा तिचा एकमेव गुण म्हणा हवं तर. पेटवली, पाच-सात मिनिटं गेली, थोटूक चिरडलं, चला कामाला. "एक सिगारेट होईपर्यंत" हे वेळेचं माप होतं. ऑफिसातले चौघे खाली टपरीवर जायचे, त्यांच्याबरोबर न ओढणारे दोघे नुसत्या चहासाठी जायचे, आणि कुणाची बदली होणार, कुणाचं प्रमोशन अडलं, कोण राजीनामा खिशात घेऊन फिरतोय, हे सगळं त्या पाच-सात मिनिटांत समजायचं. वेप संपत नाही. सुरूही होत नाही. एक झुरका ईमेल वाचताना, एक झुरका जिन्यात, एक बाथरूममध्ये. खाली जायचं कारणच उरलं नाही. परिणामी टपरीवर आता फक्त न ओढणारे चहावाले दोघे उभे असतात आणि त्यांना सांगायला कुणाकडेच बातमी नसते.

कायद्याचा आधार घ्यावा म्हटलं तर तिथे निराळीच गंमत. सार्वजनिक जागी सिगारेट बंद व्हावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले ते मुंबईचे मुरली देवरा. नोव्हेंबर २००१मध्ये न्यायालयाने सभागृहं, रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, ग्रंथालयं, न्यायालयं, कचेऱ्या, बस आणि रेल्वे अशी यादी करून तिथे धूम्रपान थांबवायला सांगितलं. गोवेकर त्याच्याही पुढे. त्यांनी १९९७ सालीच धूम्रपान आणि थुंकणं या दोघांना एकाच कायद्यात बांधलं होतं. मग २००३चा केंद्राचा कायदा आला, आणि २००८च्या गांधीजयंतीपासून देशभर नियम लागू झाले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. पाटी कशी असावी हेही ठरलं: साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर. मोठी हॉटेलं आणि विमानतळ यांना ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवायची मुभा मिळाली. म्हणजे कुठे ओढायचं नाही ते ठरलं, कुठे ओढायचं तेही ठरलं, पकडल्यावर किती रुपये तेही ठरलं. याला म्हणतात व्यवस्था. भांडणारे आणि ओढणारे दोघेही पाटीकडे बोट दाखवू शकतात.

वेपच्या बाबतीत सरकारने पाटीच्या भानगडीत न पडता मुळावरच घाव घातला. सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरपर्यंत त्याचा कायदा झाला. बनवायची नाही, आणायची नाही, पाठवायची नाही, विकायची नाही, जाहिरात करायची नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. साठा केलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. एवढ्या लांबलचक यादीत ओढण्याचं नाव मात्र नाही. विकणारा गुन्हेगार, आणणारा गुन्हेगार, आणि लिफ्टमधला तो मुलगा? त्याच्याकडे ती वस्तू जणू आकाशातून पडली. खिशातली एकुलती एक नळी म्हणजे साठा धरायचा की नाही, यावर दोन वकील बसवले तर तिसऱ्या दिवशी चहाचं बिल आपल्यालाच द्यावं लागेल.

पण खरी अडचण पुढे आहे. जी वस्तू देशात असायलाच नको, तिची रीतभात ठरवणार कोण? "वेप इथे ओढू नये" अशी पाटी लावली की दुसरीकडे कुठेतरी ओढली तर चालेल, असं कबूल केल्यासारखं होतं. आपल्या महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. गुटखा आपण २०१२ साली बंद केला. तेव्हापासून तो नाही. सरकारी कचेरीच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यावर जे लाल दिसतं, ते अधिकृतरीत्या काहीच नाही.

माझा भाचा लंडनला असतो. तिथे याच्या नेमकं उलट. इंग्लंडात इमारतींच्या आत सिगारेट ओढायला १ जुलै २००७पासून बंदी आहे, पण वेप त्या कायद्यात बसत नाही. ज्याची जागा त्याने ठरवावं. भुयारी रेल्वेत चालत नाही. पबमध्ये मालकाच्या मर्जीवर. एवढंच नाही, सिगारेट सुटावी म्हणून दहा लाखांपर्यंत लोकांना वेपचं साहित्य फुकट द्यायची योजना तिथल्या सरकारने २०२३च्या एप्रिलमध्ये जाहीर केली. जी नळी ठाण्यात विकली तर वर्षभर आत जावं लागेल, ती तिकडे सरकार आपल्या हाताने द्यायला निघालं! अर्थात त्यांचीही डोकेदुखी झालीच. एकदा वापरून फेकायच्या रंगीबेरंगी वेप शाळकरी पोरांच्या दप्तरांत आणि मग गटारांत सापडायला लागल्या, तेव्हा १ जून २०२५पासून त्या तेवढ्या बंद केल्या.

ताई त्याच्याकडे महिनाभर राहून आली. बसस्टॉपवर उभी असताना तिने भाच्याला विचारलं, "इथे कुणाकडे खोबरं भाजतायत का रे?"

"आई, ते समोरचे आजोबा आहेत."

ताईने आजोबांकडे निरखून पाहिलं. टाय, टोपी, हातात काठी आणि नाकातोंडातून खोबरं. आजोबांना ती बघतेय हे कळल्यावर त्यांनी टोपीला हात लावून "सॉरी" म्हटलं, पुढचा ढग मान वर करून आभाळाकडे सोडला आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन दोन पावलं बाजूला सरकले. ताईला हे इतकं आवडलं की तिने परत आल्यावर म्युझियम, राजवाडा, नदी यांच्यापेक्षा जास्त वेळ त्या आजोबांचं वर्णन केलं. परवानगी असली की अदब कशी आपोआप येते! आमच्याकडच्या मुलाला सॉरी म्हणायचं झालं तर आधी कबूल करावं लागेल की हातात पेनड्राइव्ह नाही.

मोठ्या माणसांची अदब मात्र कायद्यावर अवलंबून नसते, ती मुळात कमीच असते. अमेरिकेत फेब्रुवारी २०१६मध्ये संसदेच्या एका समितीपुढे विमानात वेपिंगला बंदी घालावी का, यावर चर्चा चालू होती. डंकन हंटर नावाचे सदस्य बंदीच्या विरोधात. त्यांनी युक्तिवाद करता करता खिशातून नळी काढली आणि समितीच्या बैठकीतच ढग सोडून दाखवला. आपल्या बाजूचा पुरावा सगळ्यांच्या नाकाशी नेऊन ठेवणारा असा वक्ता विरळा. सुधारणा त्यांच्या विरोधाला न जुमानता मंजूर झाली. आपल्याकडेही डिसेंबर २०२५मध्ये लोकसभेत एका खासदाराने तक्रार केली की विरोधी बाकांवर बसून कुणीतरी ई-सिगारेट ओढतंय. ज्या सभागृहाने सहा वर्षांपूर्वी कायदा केला, तिथेच! त्यात एक दिलासा मला वाटला. आमच्या लिफ्टमधला प्रश्न आता राष्ट्रीय पातळीवर पोचला आहे, आणि तिथेही लोकांना नेमकं काय म्हणायचं ते सुचत नाही.

दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून वेप ओढताना काळजी घेतल्याचं सर्वांत थोर उदाहरण मात्र विमानातलंच आहे. जुलै २०१८मध्ये एअर चायनाचं विमान हाँगकाँगहून डालियानला निघालं होतं. सहवैमानिकाला तलफ आली. कॉकपिटमधला वास मागे प्रवाशांपर्यंत जाऊ नये, एवढा विचार त्याने केला. विचार उत्तमच. म्हणून कॅप्टनला न सांगता तो हवा फिरवणारा पंखा बंद करायला गेला, आणि त्याच्या शेजारची वातानुकूलनाची बटणं बंद करून बसला. आतल्या हवेचा दाब उतरू लागला, धोक्याच्या घंटा वाजल्या, प्रवाशांसमोर ऑक्सिजनचे मुखवटे लोंबकळले आणि पस्तीस हजार फुटांवरचं विमान दहा हजारांवर आलं. चूक लक्षात आल्यावर ते पुन्हा वर चढलं आणि ठरल्या गावी पोचलं. माणसं सुखरूप उतरली. वास मागे आला, अशी तक्रार मात्र एकाही प्रवाशाने केल्याचं ऐकिवात नाही.

विमानाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सगळं धूम्रपान बंद असूनही विमानाच्या शौचालयापाशी राखेची डबी अजून असते, आणि ती असलीच पाहिजे असा नियम आहे. कारण कुणीतरी बंदी मोडणार, हे धरून चाललेलं बरं. मग त्याने थोटूक कागदाच्या पेटीत टाकून विमान पेटवण्यापेक्षा डबीत विझवावं. नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव एवढा नीट कळलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. वेपवाल्याला त्या डबीचाही उपयोग नाही.

तर आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. मागच्या सभेचं इतिवृत्त, गळती, लिफ्टची देखभाल, पुन्हा गळती, आणि शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". सेक्रेटरींनी कागद काढला. मसुदा त्यांनी स्वतः केला होता: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की लिफ्टमध्ये व जिन्यात आंबा, स्ट्रॉबेरी, कलिंगड इत्यादी फळांचा वास करू नये."

"मग मे महिन्यात मी हापूसची पेटी वर न्यायची कशी? दोर लावून?" पहिल्या मजल्यावरचे देवगडचे गृहस्थ.

"खऱ्या आंब्याबद्दल नाही हो."

"खरा-खोटा ठरवणार कोण?"

बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "सरळ 'वेप' असं लिहा की." तर वकील सभासद म्हणाले, ती वस्तू बेकायदा आहे, तिचा उल्लेख नोटिशीत केला तर ती इमारतीत आहे हे संस्थेला ठाऊक होतं, असं रेकॉर्डवर येईल. सेक्रेटरी घाबरले. त्यांनी फळं खोडून "कोणताही वास" असं केलं.

इथे सभेचा बांध फुटला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं, हा त्यांच्या सुक्या बोंबलांवर घाला आहे. त्या उभ्या राहिल्या. "आमच्या बोंबलांचा वास तुम्हाला चालत नाही, आणि समोरच्यांचा धूप चालतो? सकाळी सहाला उठून खोकतो आम्ही!" धूपवाले म्हणाले, धूप हा वास नाही, ते वातावरण आहे. तळमजल्यावरून हिंगाच्या फोडणीबद्दल काहीतरी आलं. कुणीतरी वीस वर्षांपूर्वीच्या कांद्याच्या पोत्याचा विषय काढला. चाफ्याचा गजरा, गाडीतलं अत्तर, ओल्या छत्र्या, कुत्रा. इमारतीत जे जे नाकाला लागत होतं ते सगळं पटलावर आलं. ज्या मुलावरून हे सुरू झालं तो शेवटच्या खुर्चीवर बसून ऐकत होता. फ्लॅट त्याच्या नावावर, त्यामुळे तो रीतसर सभासद. त्याने एकदा हात वर करून "काका, तो धूर नसतो..." एवढं म्हटलं, पण तोवर बोंबील आणि धूप यांच्यात त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. थोड्या वेळाने तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला. सभेत बसून ओढणं त्याला बरं वाटेना.

नोटीस उपसमितीकडे गेली. राहता राहिला खजिनदार निवडायचा विषय. ते पद बरेच दिवस रिकामं होतं. सभेच्या खोलीत जो हजर नसेल त्याला खजिनदार करायचं, ही आमची जुनी पद्धत. सेक्रेटरींनी नजर फिरवली. सूचक झाले, अनुमोदक झाले, टाळ्या झाल्या. मुलगा आत आला तेव्हा त्याच्या हातात पावतीपुस्तकं, कपाटाची किल्ली आणि थकबाकीदारांची यादी ठेवण्यात आली. यादीत सर्वांत वर बोंबीलवाल्या काकू होत्या, त्यांच्याखाली धूपवाले.

त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. आकडे वाचले. मग नकळत त्याचा हात खिशाकडे गेला आणि तो पुन्हा दाराकडे वळला.

"बाहेर कशाला जातोस रे?" काकू मायेने म्हणाल्या. "बस, इथेच ओढ."